अहिराणी गाण्याची चाल तुमची, रॉयल्टी कुणाची? आयपीआरएस सदस्यत्व : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

धुळे, जळगाव, नंदुरबार आणि बागलाण-मालेगावच्या पट्ट्यात आता अहिराणी गाण्याशिवाय हळद लागत नाही. गाणे तालुक्याच्या स्टुडिओत रेकॉर्ड होते, यूट्यूबवर चढते आणि लग्नसराई सुरू झाली की बँडवाल्यांच्या तोंडी बसते. चाल बांधणाऱ्याला बहुतेक वेळा एकरकमी पैसे मिळतात, तेही रोख. पुढे गाणे कितीही चालले तरी आपला संबंध संपला, असे तो स्वतःच धरून चालतो. कायदा तसे म्हणत नाही.

संगीतकार आणि गीतकारांच्या रॉयल्टीचे काम आपल्याकडे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, करते. संस्था १९६९ पासूनची. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३३ खाली तिची नोंदणी २०१७ मध्ये नव्याने झाली. रेडिओ, टीव्ही, स्ट्रीमिंग अॅप, हॉटेल, तिकिटाचे कार्यक्रम यांच्याकडून ती परवाना शुल्क घेते आणि सदस्यांना वाटून देते. गायकांचे हक्क पाहणारी संस्था वेगळी आहे, ध्वनिमुद्रणाच्या मालकांची आणखी वेगळी. तुम्ही नुसते गायला असाल तर हा अर्ज तुमच्यासाठी नाही. चाल किंवा शब्द तुमचे असतील तर आहे.

पात्र कोण?

“मला नोटेशन येत नाही, मी कसला संगीतकार?” हा प्रश्न हमखास येतो. कायद्यातली संगीतकाराची व्याख्या याबाबत अगदी स्पष्ट आहे. जो चाल रचतो तो संगीतकार. त्याने ती स्वरलिपीत लिहिलेली असो वा नसो. हार्मोनियमवर बसवून मोबाइलमध्ये टिपलेली चालही तुमचीच. शब्द ही स्वतंत्र कृती धरली जाते आणि तिचा हक्क गीतकाराचा. दोन्ही तुम्ही केले असेल तर अर्जात तसे सांगा.

अर्ज करताना निदान एक गाणे लोकांपर्यंत पोहोचलेले असावे. मृत संगीतकाराचे वारसही सदस्य होऊ शकतात, कारण हक्क निधनानंतर ६० वर्षे टिकतो. गावोगावच्या तमाशातल्या आणि वहीगायनातल्या (खानदेशातल्या लोकगायनातल्या) जुन्या मंडळींच्या घरच्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

खानदेशात एक पेच मात्र कायम येतो. कानबाई देवीची पारंपरिक गाणी, लग्नातल्या जुन्या ओव्या कुणा एकाच्या मालकीच्या नाहीत. कानबाईवर तुम्ही नवे शब्द लिहिले, नवी चाल दिली, तर तेवढे तुमचे. मूळ चाल तशीच ठेवून ढोलकीच्या जागी पॅड घातले आणि “संगीतकार” म्हणून नाव लावले, तर तो दावा टिकणे कठीण. अर्जात खरे तेच लिहा. दुसऱ्या कुणी त्याच गाण्यावर दावा केला की रॉयल्टी अडकून पडते.

अर्जाआधी करारनामा काढा

माझ्या मते खरी अडचण इथेच आहे, अर्जात नाही. चॅनलवाला स्टॅम्प पेपर पुढे करतो, “सर्व हक्क कायमस्वरूपी दिले” असे त्यावर छापलेले असते आणि आपण सही ठोकतो. हक्क हस्तांतरित करायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच लागतो. तोंडी सौद्याने हक्क जात नाही. करारनाम्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत.

त्याहून मोठी गोष्ट २०१२ च्या दुरुस्तीने झाली. चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गाण्याच्या रॉयल्टीतला समान वाटा संगीतकार आणि गीतकाराला सोडून देताच येत नाही. तो वारसांना देता येतो किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला, बाकी कुणालाही नाही. याविरुद्ध लिहिलेली अट निरर्थक ठरते. तरीही जुने करारनामे शोधून त्यांच्या प्रती काढून ठेवा. कोणत्या गाण्याचे काय दिले आहे हे अर्जात सांगावे लागते.

कागदपत्रे

पॅन कार्ड, आधार किंवा दुसरा पत्त्याचा पुरावा, फोटो, रद्द केलेला चेक आणि गाण्यांची यादी. यादीत प्रत्येक गाण्याचे नाव, संगीतकार, गीतकार, गायक, कंपनी किंवा चॅनल आणि प्रसिद्धीची तारीख असू द्या. पुरावा म्हणून यूट्यूबची लिंक देता येते, पण वर्णनात तुमचे नाव दिसले पाहिजे. नाव नसेल तर आधी चॅनलवाल्याकडून ते टाकून घ्या. वारसांना मृत्यू दाखला, वारसा सिद्ध करणारा कागद आणि इतर वारसांची संमती तयार ठेवावी लागेल.

नावाकडे नीट बघा. आधारवर एक, पॅनवर दुसरे आणि पोस्टरवर “खानदेश किंग” असे असेल, तर खरे नाव सगळीकडे एकसारखे करून घ्या आणि टोपणनाव अर्जात वेगळे नोंदवा. दुसरे म्हणजे पासबुक. देना बँकेसारख्या बँका २०१९ मध्ये विलीन झाल्या. घरात पडलेल्या जुन्या चेकवरचा आयएफएससी आता चालणार नाही.

अर्ज आयपीआरएसच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो. शुल्क तिथलेच बघा, एजंटच्या तोंडचे नको. अर्जासोबत हस्तांतरणपत्रावर सही करावी लागते, ते वाचल्याशिवाय करू नका. त्याने जाहीर सादरीकरणासारखे हक्क संस्थेकडे जातात आणि त्यांचे परवाने पुढे तुम्ही परस्पर देऊ शकत नाही. सदस्यत्व मंजूर झाले की जगभरच्या संस्था ओळखतात असा आयपीआय क्रमांक मिळतो.

आपोआप मात्र काही होत नाही. प्रत्येक नवे गाणे संस्थेकडे नोंदवावे लागते, सहसंगीतकार असेल तर वाट्यासह. वाटे रेकॉर्डिंगच्या दिवशीच ठरवून कागदावर घ्या. गाणे गाजल्यावर दोस्तीतही टक्केवारी निघते.

दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयातली नोंदणी ही याहून वेगळी गोष्ट. ती फॉर्म १४ वर होते, एका कृतीला ५०० रुपये, शब्द आणि चाल यांचे अर्ज वेगवेगळे. हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. ती सक्तीची नाही, कारण हक्क रचनेबरोबरच जन्मतो. पण चोरीचा वाद अपेक्षित असेल तर दाखला हाताशी असलेला बरा.

आणि ज्या वरातीत तुमचे गाणे सगळ्यात जास्त वाजते, तिथून पैशाची आशा ठेवू नका. लग्नाची मिरवणूक आणि लग्नाशी जोडलेले समारंभ कलम ५२ ने सवलतीत घातले आहेत. बँडवाल्याशी त्यावरून भांडायला जाऊ नये.