धनुष्कोडी रेल्वे स्थानक

तमिळनाडूतील रामेश्वरम् बेटाच्या आग्नेय टोकावरचे, आता केवळ भग्नावशेष उरलेले रेल्वे स्थानक. पांबन–धनुष्कोडी या मीटरगेज मार्गावरचे हे शेवटचे स्थानक जेमतेम पन्नास वर्षे चालले.

गाव कोळ्यांचे, चारी बाजूंना वाळू. स्थानक बांधले गेले ते गावासाठी नव्हे, सिलोनच्या (श्रीलंका) बोटीसाठी. भारत व सिलोन यांच्यामध्ये समुद्रावर पूल घालण्याची कल्पना खर्चापायी मागे पडली आणि रेल्वे व आगबोट यांची जोडणी करायचे ठरले. फेब्रुवारी १९१४मध्ये मुख्य भूमी आणि रामेश्वरम् बेट यांना जोडणारा पांबनचा रेल्वे पूल खुला झाला. मद्रासच्या एग्मोर स्थानकातून सुटणारी ‘बोट मेल’ धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत येई. उतारू तिथे आगबोटीत चढत, सुमारे ३५ किमी समुद्र ओलांडून सिलोनमधील तलाईमन्नारला उतरत आणि कोलंबोची गाडी पकडत. मद्रास ते कोलंबो एकच तिकीट चाले. कस्टम्सची कचेरी आणि टपालघर या ओसाड टोकाला आले ते या बोटीमुळेच. पांबनहून रामेश्वरम्‌ला जाणारा रूळ तेव्हा नुसता फाटा होता. आज नेमका तोच शिल्लक आहे.

यात्रेकरूंची वर्दळ मात्र रेल्वेच्या कितीतरी आधीपासूनची. काशी-रामेश्वर यात्रा करणारी मराठी मंडळीही येथे सेतुस्नान करून वाळू घेत. ती प्रयागला गंगेत सोडायची आणि गंगेचे पाणी रामेश्वराला घालायचे, अशी रीत. एकनाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजलेली कावड याच वाटेवरची.

२२ डिसेंबर १९६४च्या रात्री चक्रीवादळ आले. पांबनहून निघालेली ६५३ क्रमांकाची पॅसेंजर स्थानकाच्या अलीकडे पोहोचली असताना समुद्राची प्रचंड लाट रुळांवर आली आणि शंभरावर माणसांसह अख्खी गाडी गिळून गेली. गावही वाहून गेले. सरकारने ते वस्तीस अयोग्य ठरवले.

पांबनच्या पुलाचेही बहुतेक गर्डर समुद्रात गेले होते. रेल्वेचे अभियंते ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली तो ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला. धनुष्कोडीचा मार्ग मात्र कायमचा बंद झाला. कारण केवळ वादळाचे नव्हते. सिलोनची बोट पुढे रामेश्वरम्‌हून सुटू लागली, तेव्हा या स्थानकाचे प्रयोजनच संपले. १९८०च्या दशकात श्रीलंकेतील यादवीमुळे ती बोटही थांबली.

स्थानकाच्या पडक्या भिंती वाळूत अजून दिसतात. २०१७मध्ये अरिचल मुनई या टोकापर्यंत पक्का रस्ता झाल्यापासून पर्यटक वाढले असून, वाटेवर शंख-शिंपल्यांची दुकाने लागली आहेत. रामेश्वरम् ते धनुष्कोडी या सुमारे १७ किमीच्या नव्या रेल्वेमार्गाची पायाभरणी १ मार्च २०१९ रोजी झाली, पण किनाऱ्याची जमीन पर्यावरणदृष्ट्या नाजूक असल्याने तो प्रकल्प पुढे सरकला नाही.