अष्ठीला ग्रंथी : संप्रेरकांचे असंतुलन, शोथ व ऊतकबदल

अष्ठीला अर्थात प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाच्या उगमाला वेढून असणारी ग्रंथी आहे. तिची वाढ, तिचे स्रवण आणि तिच्यातील पेशींचा ऱ्हास संप्रेरकांच्या अधीन असतो. त्यांचे परस्परप्रमाण ढळले की तेथे शोथ (दाहयुक्त सूज) मूळ धरू शकतो आणि ऊतकांची घडण बदलत जाते.

वृषणांत तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉनचे ५-अल्फा-रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) ग्रंथीतच डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करते आणि वाढीची मुख्य प्रेरणा हे अधिक प्रभावी संप्रेरक देते. हे विकर जन्मतः उणे असलेल्या व्यक्तींची अष्ठीला लहानच राहते. तरीही केवळ पुं-संप्रेरकाच्या आधिक्याने उतारवयातील वाढीचा उलगडा होत नाही, कारण रक्तातील टेस्टोस्टेरॉन ज्या वयात हळूहळू घटते, नेमक्या त्याच वयात ग्रंथी मोठी होऊ लागते. ग्रंथीच्या आतील डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन तेव्हाही फारसे ओसरत नाही. शिवाय अ‍ॅरोमॅटेज विकरामुळे, विशेषतः चरबीत, एस्ट्रॅडिओल (एस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकांच्या गटातील मुख्य संप्रेरक) तयार होतच राहते आणि तुलनेने त्याचे पारडे जड होते. एस्ट्रोजेनचा अल्फा-ग्राही (संप्रेरकाचा संदेश घेणारे पेशीतील प्रथिन) मुख्यतः आधार-ऊतकात, म्हणजे स्नायू व तंतूंच्या भागात असतो व तो पेशीविभाजनास आणि शोथास चालना देतो, तर अस्तरपेशींतील बीटा-ग्राही या दोन्हींना आवर घालतो. म्हणून एस्ट्रोजेनला सरसकट अपायकारक ठरवणे योग्य नाही.

अशा ग्रंथीचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर नलिकांभोवती लसिकापेशींचे (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचे) गडद निळे पुंजके दिसतात, काही ठिकाणी स्रावी अस्तर चपटे झालेले असते आणि मधल्या जागेत स्नायू व तंतू दाटलेले असतात. जमलेल्या पेशी इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ यांसारखी पेशींमध्ये संदेश नेणारी द्रव्ये सोडतात. ती शेजारच्या पेशींना वाढण्यास उद्युक्त करतात आणि त्यातून मूत्रमार्गालगतच्या संक्रमण-विभागात (ट्रान्झिशन झोनमध्ये) गाठी वाढीस लागतात. साठीपर्यंत सुमारे निम्म्या पुरुषांत अशी सौम्य वाढ ऊतकपरीक्षेत आढळते. ती कर्करोग नव्हे, हे रुग्णाला स्पष्टपणे सांगणे आवश्यक असते.

५-अल्फा-रिडक्टेजला रोखणारे फिनास्टेराइड हे औषध काही महिन्यांत ग्रंथीचा आकार साधारण पाव हिश्शाने घटवते, परंतु त्याचा परिणाम प्रामुख्याने अस्तरपेशींवर होत असल्याने तंतुमय वाढ अधिक असलेल्या रुग्णांना त्याचा लाभ कमी होतो. शोथामुळे रक्तातील पीएसए (अष्ठीलेत तयार होणारे, रक्तचाचणीत मोजले जाणारे प्रथिन) वाढते, तर हे औषध ते जवळपास निम्म्यावर आणते. त्यामुळे दीर्घकाळ औषध घेणाऱ्याच्या अहवालातील पीएसएचा आकडा दुप्पट धरून वाचावा लागतो.