पंढरपूरचा पूर

पंढरपूरचा पूर : सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर शहरात भीमा नदीला, म्हणजेच स्थानिक व्यवहारातील चंद्रभागेला, येणारा पूर, त्यामुळे शहराला असलेला धोका आणि पूर ओसरल्यानंतर शहर सावरण्याची प्रक्रिया. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या भागाच्या सामूहिक स्मृतीत १८७६–७८ आणि १९७२ चे दुष्काळ जितके ठळक आहेत, तितके पूर नाहीत. तरीही सुमारे ९९ हजार वस्तीच्या (२०११) या शहरात, स्थानिक पाऊस जेमतेम असताना आणि कित्येकदा लख्ख ऊन पडलेले असताना, नदीकाठच्या घरांत पाणी शिरते.

याचे कारण नदीच्या वरच्या खोऱ्यात आहे. भीमाशंकरजवळ उगम पावणाऱ्या भीमेला पुणे जिल्ह्यातील मुळा-मुठा, घोड इत्यादी नद्यांचे पाणी मिळते आणि ते माढा तालुक्यातील उजनी धरणात साठते. घाटमाथ्यावर पाऊस वाढला, पुण्याजवळील खडकवासला धरणसाखळीतून विसर्ग (पाणी सोडणे) सुरू झाला, की दौंड येथे मोजल्या जाणाऱ्या प्रवाहाच्या आकड्याकडे पंढरपूरचे लक्ष लागते, कारण उजनीत येणाऱ्या पाण्याचा तो सर्वांत विश्वासार्ह अंदाज असतो. मात्र एकट्या उजनीकडे पाहून भागत नाही. नीरा नदी नीरा-नरसिंहपूर येथे, म्हणजे उजनीच्या खाली, भीमेला मिळत असल्याने नीरेवरील वीर धरणातून सोडलेले पाणी उजनीला वळसा घालून थेट पंढरपूरकडे येते. दोन्ही धरणांचे विसर्ग एकाच वेळी वाढले, तर त्यांची बेरीज शहरापुढून वाहते. अशा पुराची पूर्वसूचना मिळते, ही त्याची जमेची बाजू आहे. धरणापासून शहरापर्यंत पाणी पोहोचण्यास लागणारे तास हाच स्थलांतरासाठी मिळणारा अवधी असतो.

उजनीची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यांपैकी जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्यात न धरले जाणारे तळाचे पाणी, आहे. धरणाची टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढली जात असल्याने ती शून्याखालीही जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती वजा साठ टक्क्यांच्या जवळ गेली होती. त्याच वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीस धरण भरून भीमेत विसर्ग करावा लागला. पूरनियंत्रणाचा प्रश्न या दुहेरीपणात अडकलेला आहे. पुरासाठी धरणात मोकळी जागा राखावी हे तत्त्वतः सर्वांना मान्य असले, तरी पिण्याचे पाणी, ऊस आणि उद्योग ज्या साठ्यावर अवलंबून आहेत, तो भर पावसाळ्यात रिकामा ठेवण्याचा निर्णय दुष्काळी जिल्ह्यात कोणालाही सहज घेता येत नाही, आणि तो न घेणाऱ्यांना सरसकट दोष देणेही योग्य नाही.

ऑक्टोबर २०२० चा पूर या नेहमीच्या चौकटीत बसणारा नव्हता. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची तीव्र प्रणाली १३ ऑक्टोबर रोजी काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून तेलंगणा व उत्तर कर्नाटकमार्गे सोलापूरकडे सरकली आणि धरणे भरलेली असताना धरणांच्या खालच्या बाजूसही अतिवृष्टी झाली. ओढे-नाल्यांचे पाणी कोणत्याही दरवाजातून सुटत नाही. त्यामुळे विसर्गाच्या आकड्यांवर आधारलेली इशाऱ्याची पद्धत येथे अपुरी पडली. १४ ऑक्टोबरला पंढरपुरातील कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा मृत्यू झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने माढा, करमाळा आणि मोहोळ तालुक्यांत केलेले नुकसानही पूर्वेकडील व स्थानिक पावसाचा हा धोका अपवादात्मक मानता येत नाही, असेच दाखवते.

शहरात पाणी चढण्याचा क्रम साधारण ठरलेला आहे : प्रथम वाळवंट (नदीपात्रातील वाळूचा पट्टा) आणि पुंडलिकाच्या मंदिराचा परिसर, मग जुना दगडी पूल, त्यानंतर व्यासनारायण झोपडपट्टीसारख्या सखल वस्त्या. विठ्ठल मंदिर उंचवट्यावर असल्याने तेथपर्यंत सहसा झळ पोहोचत नाही. जलसंपदा विभाग २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुरासाठी निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुरासाठी लाल रेषा आखतो. परंतु जेथे उपजीविकाच घाटावर आहे, तेथे केवळ रेषेने वस्ती हलत नाही. होडीवाले, फुले-हार विकणारे आणि वारीत हंगामी दुकान थाटणारे नदीपासून लांब राहू शकत नाहीत. आषाढीच्या तोंडावर विसर्ग वाढल्यास लाखो वारकऱ्यांना वाळवंट मोकळे मिळत नाही. उलट पाऊस लांबलेल्या वर्षी स्नानासाठी उजनीतूनच पाणी सोडावे लागते.

पूर ओसरल्यावर गाळ काढणे, पिण्याच्या पाण्याचे शुद्धीकरण आणि पंचनामे ही कामे एकदमच सुरू होतात. ग्रामीण भागात तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक संयुक्त पंचनामा करतात. पिकाचे ३३ टक्के वा अधिक नुकसान झाल्यास मदत देय ठरते. घरांबाबत केंद्राच्या निकषात घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असण्याची अट आहे. राज्य शासनाने ती काही वेळा शिथिल केली आहे, कारण एका रात्रीत शिरलेले पाणीही धान्य आणि अंथरूण-पांघरूण वाया घालवण्यास पुरेसे असते. या व्यवस्थेचा भर जमीन आणि घर यांवर असल्याने शेतकरी तीत बऱ्यापैकी सामावतो. कुंकू-बुक्का, तुळशीमाळा, चुरमुरे यांच्या विक्रेत्याचा भिजलेला माल मात्र कोणत्याही सातबाऱ्यावर नसतो. त्याचे सावरणे प्रत्यक्षात पावसाळ्यानंतर येणाऱ्या कार्तिकी वारीवर अवलंबून असते. उधारीवर भरलेल्या मालाची फेड त्या गर्दीतून होते. २०२० मध्ये करोनाच्या निर्बंधांमुळे आषाढीपाठोपाठ कार्तिकीलाही गर्दी झाली नाही, आणि ऑक्टोबरमधील पुरानंतर हा आधारच उपलब्ध नव्हता.