टोनी आयोमी

टोनी आयोमी (जन्म १९ फेब्रुवारी १९४८, बर्मिंगहॅम, इंग्लंड) हा ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारिस्ट. हेवी मेटल (रॉकचा जड, कर्कश प्रकार) म्हणून जे काही आज वाजतं त्याचं मूळ शोधत गेलात तर बहुतेक वेळा याच माणसाच्या रिफपाशी (गिटारवर पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या छोट्या सुरावटीपाशी) येऊन थांबता. पूर्ण नाव अँथनी फ्रँक आयोमी, घराणं इटालियन वंशाचं. बँडचा गायक ऑझी ऑस्बोर्न शाळेत त्याच्या मागच्या वर्गात होता.

आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचं काम उजव्या हाताकडे. १७ वर्षांचा असताना तो पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. युरोपात वाजवायला जायचं ठरलेलं, कारखान्यातला तो शेवटचा दिवस, आणि नेमकं त्याच दिवशी मशीनमध्ये सापडून उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिकेची टोकं गेली. आता गिटार विसर असंच डॉक्टरांचं म्हणणं पडलं. मग कारखान्याच्या मॅनेजरनं त्याला जॅझ गिटारिस्ट जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली, आणि नंतर सांगितलं की आगीत हात भाजल्यामुळे हा माणूस डाव्या हाताच्या दोनच बोटांवर एवढं वाजवतो.

पुढचा भाग निव्वळ जुगाडाचा आहे. भांडी घासायच्या लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्यानं बोटांसाठी टोपणं बनवली, घासूनघासून मापाला आणली आणि तार निसटू नये म्हणून वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. जाड तारा दाबताना, ओढताना त्रास व्हायचा आणि पातळ तारांचे सेट तेव्हा बाजारात मिळत नव्हते, म्हणून बँजोच्या तारा लावल्या. शिवाय टोपण घातलेल्या बोटाला तार जाणवतच नाही, किती दाबलंय हे कानानंच ओळखायचं, त्यामुळे दोन-तीन सुरांच्या भरीव कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांवर) त्याची भिस्त वाढत गेली.

१९६८ मध्ये तो थोडे दिवस जेथ्रो टल बँडमध्ये होता, रोलिंग स्टोन्सच्या रॉक अँड रोल सर्कस कार्यक्रमात त्यांच्यासोबत दिसतोसुद्धा. तिथून तो शिस्त घेऊन आला, परत आल्यावर स्वतःच्या पोरांना सकाळी सकाळी रिहर्सलला उभं करायला लागला! ही पोरं म्हणजे ऑझी, बेसवर गीझर बटलर आणि ड्रमवर बिल वॉर्ड. बँडचं नाव आधी ‘अर्थ’ (Earth, म्हणजे पृथ्वी) होतं, मग ब्लॅक सॅबथ झालं.

पहिला अल्बम १९६९ मध्ये जवळपास एका दिवसात रेकॉर्ड झाला आणि १३ फेब्रुवारी १९७० ला आला. रेकॉर्डिंगच्या वेळी त्याच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) बिघडला म्हणून जवळ असलेली गिब्सन एसजी ही दुसरी गिटार उचलली, आणि मग एसजी हीच त्याची ओळख झाली. बँडच्याच नावाच्या पहिल्या गाण्यातला रिफ अवघा तीन सुरांचा: सा, वरचा सा आणि तिथून उतरून थेट तीव्र मध्यम. पंचम टाळल्यामुळे कानाला कुठे टेकायला जागाच मिळत नाही, भीती तिथूनच येते. त्याच वर्षी पॅरानॉइड हा दुसरा अल्बम आला आणि ब्रिटनमध्ये एक नंबरला गेला. १९७१ च्या मास्टर ऑफ रिअॅलिटी या अल्बममध्ये काही गाण्यांसाठी त्यानं गिटार तीन सेमिटोन (अर्धसूर) खाली उतरवली, तारा ढिल्या झाल्यानं दाबायला सोप्या आणि आवाज आणखी जड. पुढे डूम, स्लज, स्टोनर या मेटलच्या संथ-जड प्रकारांतल्या बँडवाल्यांनी यावरच संसार थाटले.

१९७९ ला ऑझीला काढलं, रॉनी जेम्स डिओ आला आणि १९८० चा हेवन अँड हेल निघाला, जो माझ्या मते त्याच्या वादनाचा सगळ्यात बांधीव नमुना आहे. नंतर इयान गिलन, टोनी मार्टिन असे गायक येत-जात राहिले, काही वर्षं तर मूळ चौघांपैकी एकटा आयोमीच उरला होता. त्या काळातले सगळेच अल्बम काही आवर्जून ऐकावेत असे नाहीत.

२०१२ मध्ये त्याला लिम्फोमा हा कॅन्सर असल्याचं जाहीर झालं. उपचार चालू असतानाच त्यानं १३ हा अल्बम पूर्ण केला आणि २०१३ मध्ये तो ब्रिटन-अमेरिका दोन्हीकडे पहिल्या नंबरवर गेला. निरोपाची टूर ४ फेब्रुवारी २०१७ ला बर्मिंगहॅममध्येच संपली, तरी ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्याच व्हिला पार्क स्टेडियमवर मूळ चौघं पुन्हा एकत्र वाजले. त्यानंतर तिसऱ्याच आठवड्यात ऑझी गेला.

बाकी कामांमध्ये एक गंमतच आहे, २०१३ च्या युरोव्हिजन या देशोदेशींच्या गाण्यांच्या स्पर्धेत आर्मेनियानं जे गाणं पाठवलं त्याची चाल आयोमीची होती.