ऑडिओ सीडी आणि डेटा सीडी: तबकडी एकच, लेखन वेगळे

आमच्या भजनी मंडळाच्या आषाढीच्या भजनाचे ध्वनिमुद्रण घरीच झाले होते. टाळांचा कर्कशपणा थोडा उतरवून आणि आवाजाची पातळी सारखी करून मी त्याच्या बारा सीडी तयार केल्या व मंडळातल्या ज्येष्ठांच्या घरी पोचवल्या. दोन दिवसांत बहुतेक घरांतून एकच निरोप आला, की सीडी म्युझिक सिस्टीमवर लागत नाही, नातवाच्या लॅपटॉपवर मात्र नीट वाजते. तबकड्या खराब नव्हत्या आणि यंत्रेही बिघडलेली नव्हती. मी ऑडिओ सीडीऐवजी डेटा सीडी बनवली होती.

हा घोटाळा फार सहज होतो, कारण कोरी सीडी दोन्हींसाठी तीच असते. शिवाय ड्राइव्हमध्ये कोरी सीडी घातल्यावर संगणक जो प्रश्न विचारतो, त्यात ‘सीडी किंवा डीव्हीडी प्लेअरसाठी’ अशा अर्थाचा एक पर्याय असतो आणि तो निवडला म्हणजे ऑडिओ सीडी होईल असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्या वाटेने डेटा सीडीच तयार होते. ऑडिओ सीडीसाठी संगीत वाजवणारा किंवा सीडी बर्न करणारा, म्हणजे तिच्यावर लिहिणारा, प्रोग्रॅम उघडून त्यात ‘ऑडिओ सीडी’ हाच प्रकार निवडावा लागतो.

ऑडिओ सीडीवर फाइल नावाची गोष्टच नसते. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० साली ठरवलेल्या मानकानुसार तिच्यावर सेकंदाला ४४,१०० नमुने (म्हणजे आवाजाची त्या त्या क्षणी घेतलेली मापे), प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या, एवढाच आवाज सलग लिहिलेला असतो, आणि कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो याची एक छोटी यादी तबकडीच्या सुरुवातीला असते. म्हणून १९८२ साली बाजारात आलेल्या पहिल्या प्लेअरपासून आजच्या डेकपर्यंत सर्व यंत्रांना ती समजते. विंडोजमध्ये अशी सीडी उघडली की ‘ट्रॅक०१.सीडीए’ अशी नावे दिसतात आणि अनेक जण ती पेनड्राइव्हवर उतरवून घेतात. पण ती प्रत्येकी जेमतेम ४४ बाइटची असते आणि तिच्यात आवाज नसतो, केवळ ट्रॅकचा ठावठिकाणा असतो. आवाज हवा असेल तर सीडी रिप करावी, म्हणजे प्रोग्रॅमच्या मदतीने तिच्यावरचा आवाज वाचून त्याची फाइल बनवावी लागते. डेटा सीडी याच्या अगदी उलट आहे: तिच्यावर फोल्डर आणि फाइली असतात, त्या उघडून वाचण्याचे काम वाजवणाऱ्या यंत्राचे असते, आणि जुन्या डेकमध्ये ती सोयच नसते.

एकाच तबकडीची क्षमता दोन प्रकारांत वेगळी का भरते, हे समजले की दोहोंचा स्वभावही कळतो. ८० मिनिटांच्या सीडीवर ३ लाख ६० हजार खंड असतात, कारण वाजताना सेकंदाला ७५ खंड वाचले जातात. ऑडिओ सीडीत प्रत्येक खंडातले सर्व २,३५२ बाइट आवाजालाच दिलेले असतात, म्हणजे एकूण सुमारे ८४ कोटी ६७ लाख बाइट. डेटा सीडीत त्याच खंडातले २,०४८ बाइट आपल्या वाट्याला येतात आणि बाकीची जागा मुख्यतः चुका ओळखून दुरुस्त करण्यासाठी राखलेली असते. दोन्ही प्रकारांत दुरुस्तीचा एक पाया समान आहे, डेटा सीडीत त्यावर आणखी एक थर चढवलेला आहे. ओरखड्यामुळे ऑडिओ सीडीतले काही नमुने वाचताच आले नाहीत, तर प्लेअर शेजारच्या नमुन्यांवरून अंदाजाने जागा भरून काढतो आणि बहुधा कानाला पत्ताही लागत नाही. हिशेबाच्या फाइलीतला आकडा असा अंदाजाने भरून चालणार नाही, म्हणून डेटाला जास्तीची राखण. माझ्या मते जपणुकीचा सगळा प्रश्न या एका फरकापाशी येऊन थांबतो.

ऑडिओ सीडीसाठी मुद्रण तयार करतानाच खरे कष्ट आहेत. घरचे मुद्रण बहुधा ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४८,००० नमुने) आणि २४ बिटांत केलेले असते. संपादन, पातळी, प्रतिध्वनी ही सगळी कामे त्याच रूपात पुरी करावीत, मग ४४.१ किलोहर्ट्झमध्ये रूपांतर करावे आणि १६ बिटांवर सर्वांत शेवटी, डिथर लावून, एकदाच उतरावे. डिथर म्हणजे अगदी क्षीण खरखर मुद्दाम मिसळणे. तो नसेल तर तंबोऱ्याची आस विरत जाताना शेवटी खरबरीत ऐकू येऊ शकते.

दुसरी अडचण ट्रॅकमधल्या शांततेची. अनेक प्रोग्रॅम दोन ट्रॅकमध्ये आपणहून दोन सेकंद मोकळे सोडतात. वेगवेगळ्या भावगीतांना ते शोभते, पण आमच्याकडे अभंग संपता संपता मृदंगाची लय चढते आणि त्याच लयीत गजर उचलला जातो. तिथे दोन सेकंदांची पोकळी पडली की रंगलेले भजन तुटते. अशा वेळी संपूर्ण तबकडी एका दमात लिहिणारा ‘डिस्क-ॲट-वन्स’ हा प्रकार निवडून मधले अंतर शून्य करावे. ट्रॅक तोडतानाही काप सेकंदाच्या ७५व्या भागाच्या सीमेवरच घ्यावा, नाहीतर उरलेला तुकडा शांततेने भरला जातो आणि जोडावर बारीक ‘टक्’ येते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये वेळेचे माप ‘सीडीडीए फ्रेम्स’ असे निवडले की नेमका असा काप घेता येतो.

डेटा सीडीला यातले काहीच लागत नाही. एमपी३ फाइली १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) असतील तर तिच्यावर बारा तासांहून अधिक संगीत मावते, आणि एमपी३ वाचणाऱ्या गाडीतल्या स्टीरिओसाठी ती सोयीची आहे. उलट ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटांच्या मूळ फाइली ठेवल्या तर त्याच तबकडीत सुमारे ४२ मिनिटेच बसतात. इतकी कमी वेळ पाहून मूळ फाइलींऐवजी एमपी३ ठेवण्याचा मोह होतो, तो टाळावा; एमपी३ करताना गळलेला तपशील पुढे ऑडिओ सीडी बनवली तरी परत येत नाही.

दुसऱ्या खेपेला मी ज्येष्ठांना डिस्क-ॲट-वन्सने लिहिलेल्या ऑडिओ सीडी दिल्या. मंडळाच्या कपाटात मूळ फाइलींच्या दोन डेटा सीडी ठेवल्या, त्यांची एक प्रत हार्डडिस्कवर घेतली आणि प्रत्येक तबकडीवर मार्करने ‘डेकवर लावण्यासाठी’ किंवा ‘फक्त संगणकासाठी’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले.