कळलावी कमी का झाली, थोडी मागची गोष्ट

नागपूरहून पोळ्याच्या दिवसांत रामटेककडं गेलं की धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बोरी-बाभळीत लाल-पिवळ्या ज्वाळांसारखं फूल दिसायचं, तीच कळलावी. आता शोधत फिरावं लागते. लोक म्हणतात फुलं तोडून तोडून संपली, मला ते पटत नाही, खरा घाव कंदावर पडला आहे.

नावच बघा ना, बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून हिच्या कंदाचा लेप लावायचे, त्यावरून कळलावी. घरात लावली की भांडणं लागतात असंही म्हणतात, म्हणून अंगणात कोणी लावत नसे, जी काही होती ती रानातलीच, आणि औषधाला लागली की तिथूनच खणून आणायची. पुढं हिच्या कंदात अन् बियांत कोल्चिसिन सापडलं, वातरक्तावरचं, म्हणजे सांधे सुजून दुखतात त्या गाउटवरचं औषध, आणि १९३७ मध्ये त्यानं झाडांची गुणसूत्रं दुप्पट करता येतात, म्हणजे नवे वाण काढायलाही ते कामाचं, हे कळलं, मग काय, मागणी गावच्या वैदूपुरती राहिलीच नाही. तमिळनाडूचं हे राज्यफूल, तिथं बियांसाठी शेती होते, पण लागवडीचे कंद मात्र कित्येक वर्षं जंगलातूनच येत राहिले.

संस्कृतात हिला लांगली म्हणतात, कारण कंद नांगरासारखा वाकडा असतो. टोकाला एक कोवळा डोळा असतो, खणताना तो मोडला की त्या टोकातून कोंब येत नाही. त्यात बी पिकायच्या आधीच कंद उपटला तर मागं काहीच उरत नाही. आणि विषारी इतकी की रताळं समजून कंद खाल्ल्यानं माणसं दगावली आहेत, म्हणून दिसली की उपटून टाकणारेही खूप.

जगाचा विचार केला तर ही जात संपायला आली असं नाही, आफ्रिकेतही आहे, झिंबाब्वेचं तर राष्ट्रीय फूल. पण आपल्या धुऱ्यावरून गेली ती गेलीच ना. पावसाळा सरला की वेल वाळून जाते, वर काही दिसत नाही, त्यामुळं मोजणी फुलं असतानाच करायची, तीही दरवर्षी त्याच जागी. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावागावात लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंद ठेवायची वही, आली, राज्याच्या जैवविविधता मंडळाचं मुख्यालयही इथं नागपुरातच आहे, तर निदान आपल्या जिल्ह्यातल्या नोंदवह्यांत कळलावी कोणत्या धुऱ्यावर होती हे म्हाताऱ्या माणसांना विचारून आत्ताच लिहून घ्यायला पाहिजे.

बोंड तडकलं की आत केशरी-लाल दाणे ओळीनं चिकटलेले दिसतात. मी त्यातले मूठभर तिथंच काट्यांच्या आडोशाला मातीत दाबून येतो, फूल यायला काही वर्षं जातात, पण तो कंद तरी कोणी खणलेला नसतो.