विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षा देणारी मुलं एकमेकांना टेस्ट सिरीजचे मार्क सहज विचारतात. पण रूममेटने मेस बंद केली, रात्रभर जागा असतो, ‘माझं ओझंच झालंय घरच्यांना’ म्हणतो, तेव्हा सगळे गप्प. कारण जुना समज: आत्महत्येचं नाव काढलं तर नसलेला विचारही डोक्यात यायचा.

हे खरं नाही. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते, की उघड विचारल्याने धोका वाढत नाही. उलट माणसाला बोलायला वाट मिळते, दुसरे मार्ग सुचायला वेळ मिळतो. म्हणून आडवळण नको. शेजारी बसून सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का रे?’ उत्तर ‘हो’ आलं तर आई-बापाच्या कष्टांची आठवण करून देऊ नका (सगळ्यात जास्त हेच होतं, आणि ते फार लागतं). ऐका, एकटं सोडू नका.

मग दोघं मिळून १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेली मानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठी फोनवर मदत देणारी सेवा, २०२२ पासूनची. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. जिवाला लगेच धोका वाटला तर ११२ लावा किंवा थेट हॉस्पिटल गाठा.